डोणीच्या टोकाला

पटलं तर घ्या, नाही पटलं तर उठून जा. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि तेही भर दुपारी.

मेरीलँडमध्ये, खाडीकाठच्या मळ्यावर. आम्ही मालकाचे गुलाम. मी असेन सहा-सात वर्षांची. मोठी माणसं शेतात राबायची. आम्हा पोरांना स्वयंपाकीण फिबी मावशी अंगणात जेवायला घालायची. डुकरांची असते तशी लाकडी डोण, तिच्यात मक्याची पेज. आम्ही गुडघे टेकून शिंपल्यांनी ओरपायचो.

टोकाला टेम्पी बसायची. माझ्याच वयाची. कापणीच्या तोंडावर मालकाने तिला दूर जॉर्जियाच्या व्यापाऱ्याला विकलं.

तिचा बाप आधीच उत्तरेला पळाला होता, तिकडे गुलामी नव्हती. तिची आई ड्रुसी मात्र हलेना.

म्हणायची, "पोर परत आली आणि मी नसले तर?"

एका दुपारी आम्ही जेवत होतो. टोकाची जागा रिकामी. आणि...

खर्र... खर्र...

लाकडावर शिंपला घासत होता. आम्ही सगळे थांबलो. आवाज थांबला नाही.

तिथली पेज... हळूहळू कमी होत होती.

"ए सिला, ढकलू नको ना!" माझा भाऊ ओरडला.

सिला म्हणजे मी. आणि मी तर त्याच्या समोर बसले होते.

तीन दिवस हेच. शेवटी फिबी मावशीने पाहिलं.

"गेली गं पोर! मेलेलंच असं भुकेलं येतं. ड्रुसीला कोणी सांगाल तर याद राखा."

पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! मला वाटलं, ड्रुसीला आनंद होईल.

"टेम्पी रोज येते आमच्यात जेवायला," मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दुपारी ड्रुसी शेत सोडून आली. टोकाला बसली. मागून मुकादम चाबूक घेऊन शिव्या देत येत होता. तिने शेजारच्या रिकाम्या जागी, पोरीला चाचपावं तसा हात पुढे केला...

"गार पडलीय गं," एवढंच म्हणाली.

चाबूक बसला तरी रडली नाही. त्याच रात्री ती उत्तरेला पळाली. तिच्या मागावर सोडलेली कुत्री रिकामीच परत आली.

घासणं त्या दिवसापासून बंद.

मग उत्तर-दक्षिणेची लढाई झाली, आम्ही गुलामीतून सुटलो. आणि एका सकाळी टेम्पी चालत आली. जिवंत. हाडामांसाची.

"आई कुठाय?"

मग डोणीशी कोण बसत होतं? देव जाणे. मी अजून दुपारी एकटी जेवायला बसत नाही.

टेम्पी पाद्रीबाबांकडून पत्रं लिहून घेते. उत्तरेकडच्या चर्चांमधून ती दर रविवारी वाचतात. 'ड्रुसी, तुझी टेम्पी तुला शोधतेय.' सहा वर्षं झाली.

परवा तिने माझा हात धरला. "सिला, सगळ्यांच्या आया पोरांना शोधत येतात. माझीच का नाही गं येत?"

माझा जीव तुटला. मेलेल्या पोरीला कोणती आई शोधेल? आणि ती मेली असं ड्रुसीला कुणामुळे वाटलं? माझ्याच तोंडामुळे.

मी म्हटलं, "पत्र पोचलं नसेल गं."