नऊशे बारावी ओळ

सेलूच्या त्या दवाखान्यात श्रीनिधी आला तो साध्याच कामाला. जुना सर्व्हर उद्या भंगारात जाणार होता. त्यावरच्या नोंदींचा बॅकअप, म्हणजे दुसरी प्रत, घ्यायची आणि परभणीची गाडी पकडायची. तासाभराचं काम.

वैशाखातली दुपार, रेकॉर्डची बंद खोली, फिनेलचा उग्र वास. जन्माच्या नोंदी उतरल्या, दाखल रुग्णांच्या उतरल्या. घोडं अडलं ते मृत्यूच्या टेबलावर, म्हणजे नोंदींच्या तक्त्यावर. तपासलं तर टेबल ठणठणीत, एक एरर नाही. प्रत घ्यायला लावली की मध्येच थांबायची. चार वेळा लावली, चारही वेळा तेच. श्रीनिधी जाम चिडला. असल्या वेळी करतात तसं त्यानं टेबल अर्धं केलं, अडेल ते अर्धं पुन्हा अर्धं केलं. करता करता एकाच ओळीवर येऊन ठेपला. नऊशे बारावी.

प्रमोदिनी दिनकरराव पाठक. वय अकरा. मृत्यूचं कारण कोरं.

त्यानं मान वळवली. रेकॉर्ड सांभाळणारे दिनकरराव पाठक बाजूच्याच खुर्चीवर शिक्का पुसत बसले होते. मघाशी त्यांच्या लेकीचा परभणीहून फोन आला होता, घरी एकटीच आहे, लवकर या म्हणून.

"काका, ही नोंद… तुमची मुलगी?"

शिक्का हातातून पडला. "तेवढी ओळ राहू द्या."

"पण ती तर जिवंत आहे!"

"हाय की. म्हणूनच तर…" दिनकरराव जवळ सरकले. "बारा वर्षं झाली. पोरीनं कावळ्यांची जोडी जुगताना बघितली. लय वाईट असतं ते. अशा वक्ताला नातलगांना खोटंच कळवतात, पोर गेली म्हणून. ते रडले की गंडांतर टळतं. आमाला रडणारं कोण हाय? पोर तापानं फणफणलेली. मग इथंच लिहिलं… तिसऱ्या दिवशी उठून बसली. मागून पुसायचं असतं, पण हात धजला न्हाई."

"अहो, कावळ्यांचं काय घेऊन बसलात!"

"हसा तुमी. पण दुसरीकडं लिहू नका. एकदा लिहिलेलं खोटं चालतं. दोनदा लिहिलं की…" ते उठले. चहा आणायला बाहेर पडले.

श्रीनिधी मोठा हट्टी गडी. नव्या प्रतीत एक ओळ कमी भरली म्हणून उद्या बोलणी कोण खाणार? यंत्र उचलत नाही ना, मग हातानं लिहू! त्यानं नव्या टेबलात नाव लिहिलं, वय लिहिलं, बारा वर्षांपूर्वीची तारीख लिहिली. लिहिताना बोटं गारठली. कूलर तर बंदच होता.

बॅकअप पूर्ण. एरर शून्य. तो खूश झाला आणि सवयीनं ती ओळ एकदा उघडून पाहिली.

वय तेवीस. तारीख आजची. वेळ पाच चाळीस.

भिंतीवरच्या घड्याळात पाच छत्तीस झाले होते.

त्यानं घाईघाईनं ओळ पुसली, पुन्हा उघडली. होती तिथंच होती. तेवढ्यात दिनकरराव चहा घेऊन आले. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि कप हातातून सुटले.

"काय केलं रे बाबा हे…"

त्यांनी घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला. प्रमोदिनीनं लगेच उचलला. आवाज हसरा होता.

"अहो बाबा, फोन कशाला करायलात? खिडकीतून दिसायलात की तुमी, दारातच तर उभे. थांबा, कडी काढते…"

"पोरी, मी सेलूत हाय! उघडू नको… उघडू नको!"

कडी सरकल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. फोन चालूच राहिला. पाच चाळीसला अजून तीन मिनिटं होती.