मन्मथअप्पांची भिंत

घडलं ते सांगतो. पुरावा मागू नका. मंजुषा माझ्या नात्यातली, आणि ती खोटं बोलणाऱ्यातली नाही.

गेल्या भाद्रपदातली दुपार. नांदेड, गोदावरीकाठची सखल गल्ली. तीन वाजलेले.

धरणाचे दरवाजे उघडले होते. भोंग्याची गाडी फिरून गेली आणि बघता बघता गल्ली ओस पडली.

घरात मंजुषा आणि सासू नीलम्मा, दोघीच. नीलम्मांची कंबर मोडलेली, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. नवरा संगमेश दुकानाचा माल आणायला लातूरला गेलेला. परतीच्या वाटेवर पूल पाण्याखाली.

"आईला माळ्यावर चढव," तो फोनवर रडकुंडीला आला होता. "तिथवर पानी येत न्हाई."

"कशावरून?"



ते एकाच माणसाला ठाऊक होतं. सासरे मन्मथअप्पांना. प्रत्येक पुरानंतर पाणी जिथवर चढलं तिथे ते बैठकीच्या भिंतीवर गेरूची रेघ ओढायचे, शेजारी साल लिहायचे. चाळीस वर्षांच्या रेघा. चार वर्षांपूर्वी दिराच्या लग्नात, पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही म्हणून, मंजुषानेच त्या रेघांवर टाइल्स बसवून घेतल्या. साधा फोटोही काढला नाही. म्हातारा हात जोडत होता, झाकू नका म्हणून. त्याच पावसाळ्यात तो गेला.

पाणी उंबऱ्याला लागलं. मंजुषाला काही सुचेना.

आणि तेवढ्यात...

टक्.

टाइल्सच्या मागून.

भिंतीपलीकडे घर नव्हतं. नुसतं पाणी होतं.

टक्... टक्...

आवाज एकेक टाइल वर चढत होता. गुडघ्याएवढा. छातीएवढा. माळ्याच्याही वर गेला... आणि पत्र्याखाली थांबून तिथेच वाजत राहिला.

माळा पुरणार नव्हता.

तिने सासूला लुगड्याने पाठीशी बांधलं आणि कंबरभर पाण्यातून कोपऱ्यावरच्या तीनमजली इमारतीकडे निघाली. "मामंजी, चुकलं माझं," वाटभर ती एवढंच म्हणत होती.

दिवस मावळायच्या आत घराचे पत्रे तेवढे वर उरले.

गच्चीवर नीलम्मा हमसून रडत होत्या.

"आत्याबाई, भिऊ नका. पोचलो आपण."

"आपुन पोचलो गं. त्यायला का म्हणून आत ठिवून आलीस?"

नवरा अजून घरात आहे असा म्हातारीला भ्रम झाला, असं मंजुषाला वाटलं.

मग पाण्यातून आवाज आला...

टक्. टक्. टक्. टक्.

आता घाईघाईने. जीव गुदमरलेल्या माणसासारखा.

गच्चीवरच्या सगळ्यांनी ऐकला. शेजारचा नरसिंग दोर घेऊन उठला. "वहिनी, घरात कोन हाय?"

त्या पाण्यात उतरलेला माणूस परत आला नसता, हे मंजुषाला दिसत होतं. तिने सांगितलं.

"कोणी न्हाई."

नीलम्मांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

आणि आवाज थांबला.

तिसऱ्या दिवशी पूर ओसरला. टाइल्स काढून बघू, असं संगमेश अजून म्हणतो. मंजुषा काढू देत नाही. मामंजी पाण्याची उंची दाखवत होते, की मला बाहेर काढ म्हणत होते, हे तिला आजही ठरवता येत नाही.

नीलम्मांनी मात्र ठरवलं आहे. त्या दिवसापासून त्या मंजुषाच्या हातचं पाणी पीत नाहीत.