खिडकीजवळचा खिळा

त्या सकाळी तिची छोटी गाडी पुन्हा रुसली. बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे दिवे कसेबसे लुकलुकायचे, एक बारीक टक्‌ आवाज यायचा आणि सगळं शांत. रक्ताचे नमुने घ्यायला ती घरोघरी जायची. उपाशीपोटी बसलेली म्हातारी माणसं तिच्या नावाने खडे फोडत असणार, हे तिला ठाऊक होतं. साखरपुडा मोडल्यापासून तिने एक गोष्ट मनाशी पक्की केली होती... आपण ज्याला म्हणून हात लावू, ते मध्येच बंद पडणार. त्यात आता गाडीचीही भर पडली होती.

बॉनेट उघडून ती नुसतीच आत बघत उभी होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा लिफ्टवाला जिना उतरला. कुठल्याशा कंपनीच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून ती जिच्याकडे राहायची त्या मावशीने त्याला हे नाव ठेवलेलं.

"बघून सुरू होते का ती?" त्याने विचारलं.

"रागावून पाहिलं... समजावूनही पाहिलं," ती म्हणाली.

तो हसला. हसताना त्याची नजर आधी खाली जायची आणि मग हळूच वर यायची. पाहू नये म्हणता म्हणता तिने ते पाहिलंच.

त्याने आपल्या गाडीची बॅटरी जोडून तिची गाडी चालू करून दिली. संध्याकाळी वीज मोजायचं मीटर घेऊन येतो म्हणाला आणि खरंच आला. बॅटरी तर नवीच होती. गाडी बंद असतानाही काहीतरी वीज खात होतं. त्याने तिला नीट समजावून सांगितलं की, कुलूप लावल्यावर गाडीच्या आतले छोटे कॉम्प्युटर हळूहळू झोपी जातात आणि मग मीटरवरचा आकडा खाली यायला हवा. तोवर गाडीला हात लावायचा नाही, नुसतं थांबायचं.

मग काय, दोघं थांबायची. गाडीशेजारच्या पायरीवर, दोघांत जरासं अंतर ठेवून. आकडा काही उतरायचा नाही. तो एकेक फ्यूज काढून बघायचा, हाताला काळं लागायचं, तेच कपाळाला पुसायचा. ती रुमाल पुढे करायची आणि तो "राहू द्या, खराब होईल" म्हणत घ्यायचाच. अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. गाडी एक-दोन दिवस चालायची, की परत ठप्प. मावशी खिडकीतून विचारायची, "काय गं, गाडीच दुरुस्त होतेय ना?" तिच्या गालांवर ऊन चढायचं. दोष सापडूच नये, असं तिला वाटायला लागलं होतं.

आणि एका संध्याकाळी, फ्यूज परत बसवता बसवता, तिच्याकडे न बघता त्याने सांगून टाकलं. दूर डोंगरात धरणाचं काम चालू होतं. तिथली नोकरी पक्की झाली होती. दोन वर्षांचा करार, रविवारी निघायचं.

तिथेच बसून राहिली असती, तर रडू फुटलं असतं. ती उठली आणि तडक रस्त्याने चालू लागली, पार कोपऱ्यावरच्या बंद दुकानापर्यंत. वाटत होतं, आपल्या वाट्याला येतं ते असंच, जेमतेम ओळख होईपर्यंत. डोळे कोरडे करून परत आली, तर तो मीटरकडे टक लावून बसलेला.

"जरा परत जा," तो म्हणाला.

"जाऊ?" तिचा आवाज चिरकला.

"त्या कोपऱ्यापर्यंत. गेलात तेव्हा आकडा खाली आला होता. तुम्ही जवळ आलात आणि... चढला."

तिने ड्रेसच्या खिशात हात घातला. किल्ली तिथेच होती. खिशात ठेवूनच दार उघडणारी किल्ली! रोज संध्याकाळी किल्ली खिशात घेऊनच ती गाडीशेजारी बसायची. रात्री तीच किल्ली स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या खिळ्याला टांगायची आणि त्याच भिंतीपलीकडे गाडी उभी असायची. किल्ली इतकी जवळ, म्हणून गाडीचा डोळाच लागत नव्हता.

"गाडीत काहीच बिघाड नाही," तो हळूच म्हणाला. "किल्ली आतल्या खोलीत ठेवा. झोपेल ती."

"आणि तुम्ही?"

तो बराच वेळ हाताचं काळं पुसत राहिला. "मला या महिन्यात झोप कुठे आहे... तुमच्या डोक्यावरच तर राहतो मी."

"मग जाताय कशाला?"

"अर्ज केला, तेव्हा तुमची गाडी चालू होती."

ती हसली आणि हसता हसता रडली. तो पुढे आला, तिचा हात हातात घेतला. तिच्या हातालाही काळं लागलं. पण कराराचा कागद सही होऊन गेला होता आणि घरची सगळी भिस्त त्याच्या पगारावर होती. 'थांबा' म्हणायचा धीर तिला झाला नाही.

रविवारी ती त्याला स्टँडवर सोडायला निघाली. निदान आज तरी चालू होऊ नये, असं मनात म्हणत तिने बटण दाबलं. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तिला इतका राग कधीच आला नव्हता. वाटेत दोघं सिग्नलविषयी, ऊन किती आहे याविषयी बोलली. बस निघाली, तेव्हा त्याने खिडकीतून तिचा तो काळा झालेला रुमाल दाखवला. वळणापर्यंत ती बघत राहिली.

घरी येऊन तिने किल्ली आतल्या खोलीत नेली, कपाटावर ठेवली, थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग ती परत उचलली आणि खिडकीजवळच्या खिळ्याला टांगली.

दोन दिवसांनी सकाळी फोन वाजला. धरणावर रेंज मिळायला टेकडीवर चढावं लागतं, असं तो धापा टाकत सांगत होता.

"गाडी काय म्हणते?"

"बंद पडली."

"किल्ली कुठे ठेवली होतीस?"

पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला होता.

"खिळ्याला," ती म्हणाली.

पलीकडे वाऱ्यातून त्याचं हसू ऐकू आलं.

"राहू दे तिथेच," तो म्हणाला. "मी येईपर्यंत."