वॉकीटॉकीतली घरघर

“आज माझी पाळी! कालही तूच घेतला होतास!” चिंगीने हात पुढे केला.

“वॉकीटॉकी म्हणजे काय खेळणं आहे?” मामेभावाने तो छातीशी धरला. “बाबांनी माझ्याकडे दिलाय.”

सुट्टीला आल्यापासून हे असंच चाललं होतं. मामा तलावावरच्या बोटींचे प्रमुख. धक्क्यावरचा जादा वॉकीटॉकी त्यांनी आपल्या लेकाला दिला. आणि भाचीला काय? धाकट्या टिल्लूबरोबर लाइफ जॅकेटं वाळत घालायचं काम! त्यात सगळे मामेभावाला ‘कॅप्टन’ म्हणू लागले, तेव्हा तर चिंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण डोळ्यांना आणि कानांना कोण अडवणार? कॅप्टन मिरवायचा आणि ही त्याच्या खांद्यावरून मेन्यूतलं एकूण एक बटण बघून घ्यायची. कुठला आवाज कशाचा, तेही तिला पाठ झालं होतं.

त्या दुपारी वारा एकाएकी पिसाळला. लाटा धक्क्यावर आपटू लागल्या.

“दोन्ही बोटींना परत बोलाव!” मामा ओरडले आणि लाल झेंडा घेऊन धक्क्याच्या टोकाकडे धावले.

कॅप्टनने बोलायचं बटण दाबलं. ‘ढुंऽग!’ पुन्हा दाबलं. ‘ढुंऽग!’ सोडलं की नुसती घरघर.

“बॅटरी संपली वाटतं!” तो पांढराफटक पडला.

बॅटरी नव्हे, हे चिंगीला पक्कं ठाऊक होतं. बरी जिरली! खाऊ दे आता बोलणी! ती जॅकेटं झटकू लागली. इतक्यात लांबवर एक बोट कलली आणि वाऱ्याबरोबर मुलांच्या किंकाळ्या आल्या. चिंगी पुढे झेपावली.

“दे इकडे! बॅटरी संपत आली की हा थांबून थांबून चिवचिवतो. ‘ढुंग’ म्हणजे लाइन अडलीय. कुणाचं तरी बटण दाबलेलं राहिलंय!”

“मग आता?”

“दुसरा चॅनल! बोटींवर दोन्ही ऐकू येतात, मामाच म्हणाले होते.”

मेन्यू. खालचा बाण, पुन्हा खालचा बाण. चॅनल. दोन. ओके. तिने बटण दाबलं. ‘टुक!’ वाट मोकळी!

“दोन्ही बोटींनी ताबडतोब परत यावं! वारा वाढलाय!”

“निघालोच!” पलीकडून नावाडी म्हणाला.

भिजलेली, भेदरलेली माणसं सुखरूप धक्क्यावर उतरली, तेव्हा कुठे मामांच्या जिवात जीव आला.

“पण ताई, लाइन अडवली कुणी?” टिल्लूने विचारलं.

चिंगीने पुन्हा पहिला चॅनल लावला. घुर्रर्र... फूऽऽ!

“अरे, ही घरघर नाही, कुणीतरी घोरतंय! टिल्लू, बादली घे आणि प्रत्येक दारात जाऊन बडव. जिथली बडवणी यात ऐकू येईल, तिथे आपला कुंभकर्ण!”

इंजिनाच्या खोलीपाशी टिल्लूने बादली बडवली. वॉकीटॉकीत काहीच नाही. उपाहारगृहापाशीही नाही. तिकीटखिडकीमागच्या खोलीत मात्र, ‘धडाम धडाम!’ वॉकीटॉकी दणाणला!

सगळे आत धावले. तिकीटकाका आरामखुर्चीत, आणि त्यांचा वॉकीटॉकी बटणासकट त्यांच्याच पाठीखाली!

“काय रे? बोट सुटली का?” काका डोळे चोळत म्हणाले.

“तुमच्या झोपेपायी माणसं बुडाली असती!” मामा कडाडले. मग त्यांनी भाचीच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास पोरी! तुला नुसती जॅकेटं वाळवायला बसवलं, चुकलंच माझं. उद्यापासून हा सेट तुझ्याकडे!”

कॅप्टनचा चेहरा खर्रकन उतरला. तो चेहरा चिंगीच्या चांगलाच ओळखीचा होता. गेले कित्येक दिवस ती तोच घेऊन हिंडत होती!

“चल, तुला सगळे आवाज शिकवते,” ती म्हणाली. “पण सेट माझ्याच हातात राहणार हं!”