बॅटरी काढल्यानंतर

दिवा जरा जवळ घ्या, सांगतो. काम तसं साधं होतं. कापड रंगवण्याच्या बंद पडलेल्या कारखान्यात जायचं आणि कंट्रोल पॅनेलची बॅटरी बदलायची. वीज गेली की पॅनेलमधल्या नोंदी त्या बोटभर बॅटरीवर तग धरतात. कोणतं बटण, कुणाच्या नंबरने, किती वाजता दाबलं, सगळं. म्हणून बॅटरी बदलायची ती वीज चालू असतानाच. हे मला दादाने शिकवलं, कान पिळून.

दादाचा जीव त्याच कारखान्यात गेला. निळ्या रंगाची टाकी साफ करायला आत उतरला होता आणि वरचं मशीन फिरलं. मालक म्हणाला, त्यानेच बटण चालू ठेवलं असणार. वर्षभर पॅनेलची खोली कुलपात होती. आता वीज तोडणार होते आणि बॅटरीही संपत आली होती. वहिनीने मालकाच्या हातापाया पडून किल्ली मिळवली.

"भावजी, तेवढी नोंद वाचवा. ह्यांच्या माथी मारलेलं खोटं पुसलं जाऊ दे."

"आणतो," मी म्हणालो.

बटण मी दाबलं होतं. चाचणीसाठी, टाकीत कोण आहे हे न विचारता. माझा नंबर सतरा. मी ती नोंद वाचवायला नाही, घालवायला निघालो होतो.

भर दुपार होती, पण त्या खोलीला खिडकीच नाही. मी मेन स्विच पाडला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. बॅटरी उपसून खिशात टाकली. पाच मिनिटं थांबलं की सगळं कोरं. मी मनात आकडे मोजू लागलो. दीडशेच्या सुमारास ओल्या रंगाचा वास आला. टाकी तर वर्षभर कोरडी... मग माझ्या शेजारी कुणीतरी श्वास घेतला. नाकातोंडात पाणी गेल्यासारखा.

"दादा...?"

नुसता उभा होता. माझं काम चुकलं की तो असाच गप्प उभा राहायचा.

स्विच वर केला. नोंद होती. पुन्हा पाडला, अर्धा तास थांबलो. होती. शेवटी सगळ्या वायरी कापल्या आणि पळत सुटलो.

वहिनीला म्हणालो, "वीज गेली हो मध्येच. सगळं पुसलं गेलं."

ती रडलीसुद्धा नाही. मलाच चहा करून दिला.

काल संध्याकाळी ती आली. कारखान्याचं भंगार बाहेर काढलंय, म्हणून दादाचा डबा शोधायला गेली होती.

"भावजी, ते पॅनेल पडलंय तिथे. एक वायर नाही त्याला... तरी पडदा चालू आहे. त्यावर एकच आकडा दिसतो. सतरा. हा नंबर कुणाचा हो?"

बॅटरी तर माझ्या कपाटात होती. वहिनीने तो पडदा हाताने पुसून पाहिला असावा. तिची बोटं निळी झाली होती, आणि रंग अजून ओला होता.