फोम सुकायच्या आधी

हार्डवेअरच्या दुकानातल्या फळीवर स्प्रे फोमचे दोनच डबे उरले होते, आणि ते दोन्ही एका उंच मुलाच्या हातात होते.

डेला तिथेच थबकली. आता बघा, अर्धा ऑक्टोबर सरलेला, हॅलोवीन तोंडावर आलेलं, घरी गॅरेजमध्ये एक राक्षस जबड्याविना ताटकळतोय... आणि हा बाबा दोन्ही डबे घेऊन निवांत लेबल वाचत उभा. तिच्या पोटात गोळा आला. तसा तो तिला कशानेही यायचा. फोन वाजला तरी यायचा. ती दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर होती, आणि "तिथे पेशंटपेक्षा आमची डेलाच जास्त घाबरलेली असते," असं तिची मोठी बहीण पेगी अख्ख्या गावाला सांगत फिरायची.

"ऐका ना," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला... दोन्ही लागणारेत?"

त्याने वर पाहिलं. वाऱ्याने रापलेले गाल, आणि डोळ्यांत न झालेली झोप. "माझ्या खोलीची खिडकी रात्रभर शिट्टी वाजवते," तो म्हणाला. "खोली भाड्याची, शिट्टी फुकट."

"खिडकीला एक पुरतो."

"असं कोण म्हणतं?"

"म्हणजे... मी. हा फोम फुगतो हो. मारताना चिमूटभर वाटतो आणि मग फुगतच जातो. दोन्ही डबे मारलेत तर खिडकी पुन्हा उघडणार नाही."

"आणि तुमची कुठली खिडकी?"

"माझी खिडकी नाही. जबडा आहे."

तो बघतच राहिला.

"राक्षसाचा," ती घाईघाईने म्हणाली. कान गरम झाले होते तिचे. "मी घरी बनवते, हॅलोवीनला अंगणात ठेवायला. वरचे दात बसलेत त्याचे, खालचा जबडाच नाहीये. वाईट दिसतो बिचारा."

त्याने एक डबा तिच्यापुढे धरला. ती घ्यायला गेली तर सोडेचना. "एका अटीवर. जबडा बसला की मला दाखवायचा."

आणि हसला. झालं. तिथेच झालं सगळं, पण हे डेलाला कळायला दोन-चार दिवस गेले.

गॅरेट नाव त्याचं. पवनचक्क्यांचा मेकॅनिक. गावाबाहेर मक्याच्या रानात त्या उंच पांढऱ्या चक्क्या फिरतात ना, त्यांच्यावर दोर बांधून चढायचा. डेला खुर्चीवर चढतानासुद्धा आधी देवाचं नाव घेणारी. तो जबडा बघायला म्हणून आला, आणि मग कामावरून सुटला की येतच राहिला. कधी साखरेचे डोनट घेऊन, कधी सफरचंदाचं गरम सायडर, आणि कधी नुसता हात खिशात घालून, "आलो आपला" असं म्हणत.

गॅरेजमध्ये मात्र डेला वेगळीच असायची हां. तिथे तिचे हात थरथरायचे नाहीत. खोटे केस लावायचं थर्माकोलचं डोकं घ्यायचं, त्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळायचा, मग हातमोजे घालून फोमची बारीक धार सोडायची — इथे कपाळ, इथे गालाचं हाड, इथे गळू. फोम फसफसत वर यायचा, आंबलेल्या पिठासारखा. मग थांबायचं. पाण्याचा हलका फवारा मारायचा, दिवसभर सुकू द्यायचं, मगच दुसरा थर.

"एकदम का नाही मारत?" गॅरेटने विचारलं.

"मग वरून टणक होतो आणि आत ओलाच राहतो. आतल्या फोमला हवा लागत नाही ना. महिना गेला तरी चिकट. दिसायला अगदी तयार, पण हात लावला की..."

"माझ्या ओळखीचे आहेत असे काही लोक."

ती हसली. तो ब्रेड कापायच्या सुरीने राक्षसाच्या भुवया कोरत होता आणि जीभ थोडी बाहेर काढून कोरत होता. त्याच्या केसांत फोमचा पिवळा भुसा पडला होता. तो झटकावा असं तिला फार वाटलं... हात उचललासुद्धा. आणि त्याच हाताने उगाच रंगाचा डबा सरळ करून ठेवला.

"हे दात कुठून आणले?" त्याने विचारलं.

"दवाखान्यातून. प्लास्टरचे साचे टाकून देतात. हे आमच्या पोस्टमास्तरांचे आहेत."

"त्यांना माहितेय?"

"गेल्या वर्षी त्यांना याच दातांनी घाबरवलं. ओळखू नाही आले त्यांना."

तो इतका हसला की सुरी खाली ठेवावी लागली.

पेगी अधूनमधून डोकावून जायची. "राक्षस किती झाले गं?" विचारायची, आणि तो गेल्यावर, "हा राक्षसांसाठी येतो असं तुला खरंच वाटतं का? त्याला सांगून टाक."

"काय सांगू?"

"बघ बाई. तुझ्यापेक्षा तुझ्या भुतांना जास्त अक्कल असेल."

पण सांगायचं म्हणजे कसं? मुखवटा घातला की हीच डेला शाळेतल्या धटिंगण पोरांना रस्त्याच्या टोकापर्यंत पळवायची. मुखवटा काढला की हॉटेलात सूप गार आलं तरी "छान आहे" म्हणून प्यायची.

आणि मग तो शुक्रवार. दोघं गॅरेजच्या उंबऱ्यावर बसलेले. बाहेर पानं जाळल्याचा वास. गॅरेट सायडरचा कप दोन्ही हातांत फिरवत होता... उगाचच फिरवत होता.

"कंपनीने विचारलंय," तो म्हणाला. "इथेच राहायचं की टेक्सासला जायचं. हॅलोवीनपर्यंत सांगायचंय."

"मग? काय सांगणार?"

"बघू." त्याने तिच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं. "इथे राहायला काही कारण असेल तर..."

आता बोल. हीच वेळ आहे, बोल. तिच्या डोक्यात नुसती घंटा वाजत होती. पण मी बोलले आणि त्याला तसं म्हणायचंच नसेल तर? थांबला आणि मग कंटाळला तर? माझ्यामुळे इथे अडकला तर?

आणि डेलाच्या तोंडून आलं, "टेक्सासमध्ये ऊन चांगलं असतं."

हो. खरंच असं म्हणाली ती.

"हं," तो म्हणाला. "असतं म्हणे." कप खाली ठेवला आणि लवकर निघाला.

डेला आत गेली. समोर त्याच्या मापाचा मुखवटा अर्धवट पडला होता. यंदा अंगणात उंच राक्षस हवा म्हणून पेगीने त्यालाच मुखवटा घालून उभं राहायला धरलं होतं, आणि त्याचं डोकं मोठं म्हणून डेलाने थर्माकोलच्या डोक्यावर वर्तमानपत्रं गुंडाळून माप वाढवलं होतं. तिने डबा उचलला आणि मारत सुटली. ऊन चांगलं असतं. ऊन. थर नाही, फवारा नाही, थांबणं नाही — अख्खा डबा एका दमात रिकामा. फोम फुगला, फुगला, आणि ती बघत बसली.

हॅलोवीनच्या संध्याकाळी गॅरेट आला. आला हेच तिला पुरेसं होतं, पण तो नेहमीसारखा नव्हता. "कुठे उभं राहू?" एवढंच विचारलं. तिने त्याचा मुखवटा हातात घेतला. वरून कातळासारखा, हिरवा-काळा, झक्क. अंगठ्याने दाबला... किंचित आत गेला. किंचितच.

ओला असेल का आत? सांगू का याला? पण सगळे नेहमी म्हणतात ना, डेला उगाच घाबरते. आतून प्लास्टिकचा कागद आहे की. काही नाही होत. नको, सांगावंच —

तेवढ्यात त्याने तो तिच्या हातून घेऊन डोक्यात घातलाही, आणि गावाचा भोंगा वाजला.

आमच्या गावात तो भोंगा वाजला की पोरं घरांतून सुटतात, आणि दोन तासांनी पुन्हा वाजला की दारं बंद. मधल्या वेळात हुडाकांच्या, म्हणजे डेला-पेगीच्या, अंगणातला नियम एकच: मुखवट्याने बोलायचं नाही. काही झालं तरी. डेलाचाच नियम तो. तिनेही चेटकिणीचा मुखवटा चढवला. पेगी तेवढी उघड्या तोंडाने खुर्चीत चॉकलेटं वाटत बसली.

पोरं चॉकलेटांसाठी उशांचे अभ्रे पसरून आली. गॅरेट डोलला, गुरगुरला, दोघांना रडवलं. मग तो डोक्यावर थापट्या मारू लागला. मग मान झटकू लागला. मग गोल गोल फिरला.

"बाप रे," अंतराळवीर झालेला एक पोरगा म्हणाला. "याच्यात भूत शिरलंय."

"किती जीव ओततोय बघ," पेगी म्हणाली. "यालाच ठेवू दरवर्षी."

दरवर्षी. आणि हा तर टेक्सासला जाणार.

राक्षस तिच्यासमोर येऊन थांबला. हात हलवून काहीतरी सांगू लागला. चेटकिणीने नियमाप्रमाणे मान हलवली. मग त्याने तिचा हात धरला — पहिल्यांदाच धरला हो — आणि स्वतःच्या मानेमागे, मुखवट्याच्या कडेला नेऊन टेकवला.

चिकट. ओला, कोमट, चिकट फोम. कागद फाटला होता आणि आतलं सगळं त्याच्या केसांत उतरलं होतं.

"गॅरेट," ती मोठ्याने म्हणाली. "आत चल. आत्ताच्या आत्ता."

"चेटकीण बोलली," अंतराळवीर म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. राक्षसाला नाही, याला घाबरला तो.

गॅरेजमध्ये तिने त्याला स्टुलावर बसवलं. राक्षसाचं तोंड मोठं होतं, श्वासाची अडचण नव्हती, हे तिने तीनदा विचारून घेतलं. "श्वास येतोय ना? नक्की? डोळ्यांत गेलं का?"

"येतोय. नाही गेलं. आणि आता बोलायची परवानगी आहे ना?"

"तू आधीच का नाही बोललास?"

"नियम तुझा आहे."

तिने कात्री घेतली. हात थरथरत होते. गॅरेजमध्ये पहिल्यांदाच.

"एक मिनिट," राक्षसाच्या जबड्यातून आवाज आला. "तुझा मुखवटा काढ आधी. चेटकिणीच्या हातात कात्री... मला नाही जमायचं."

तिने तो काढला. गार हवा चेहऱ्याला लागली. लपायला काही उरलं नाही. स्वयंपाकघरातलं तेल त्याच्या मानेला चोळत ती थोडं थोडं कापू लागली. फोमचा तुकडा, त्याच्याबरोबर केसांची बट. पुन्हा फोम, पुन्हा बट.

"सॉरी. मला माहीत होतं. दाबून बघितला होता मी. मला वाटलं मी उगाच घाबरतेय..."

"डेला. केसच आहेत."

"पण मी थर दिलेच नाहीत. अख्खा डबा ओतला त्या दिवशी, तू गेल्यावर. कारण मी — ते उन्हाचं — मला ते म्हणायचं नव्हतं."

राक्षस हलायचा थांबला.

"मग काय म्हणायचं होतं?"

कचकन एक तुकडा सुटला आणि त्याचा एक डोळा बाहेर आला. त्या डोळ्यावरची भुवई अर्धी फोमबरोबर गेली होती. तो डोळा तिच्याकडे बघत होता. बाहेर पोरांचा कालवा. तिला वाटलं आपण आता पळूनच जाऊ... पण कात्री तिच्या हातात, आणि त्याचं डोकं तिच्या दुसऱ्या हातात. पळणार कुठे?

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. तू थांबलास आणि मग कंटाळलास तर काय, याची मला भीती वाटते. पण तू गेलास तर, याची त्याहून जास्त. हेच कारण आहे. पुरेल का ते तू ठरव."

तो मोकळा डोळा खाली वळला. मग हळू म्हणाला, "सकाळीच कळवलं गं मी त्यांना. टेक्सास म्हणून."

तिने मान हलवली. डोळे भरले होते, पण कात्री चालू ठेवली. दुसरं काय करणार?

"माझ्या जॅकेटच्या खिशात फोन आहे," तो म्हणाला. "माझे हात बरबटलेत. रूथचा नंबर लाव."

"कोण रूथ?"

"माझी साहेबीण. लाव ना."

तिने लावला आणि अर्ध्या राक्षसाच्या मोकळ्या कानाशी धरला. पलीकडे कुणीतरी पोरांना "एकेकच घ्या रे" म्हणून दटावत होतं.

"रूथ? गॅरेट. ते सकाळचं... हो, माहितेय मला. रद्द करता येईल का? ...दिली? दुसऱ्याला दिली इथली जागा?"

डेलाने डोळे मिटले. फोन तेवढा घट्ट धरून ठेवला.

"अजून सांगितलं नाही ना पण त्याला? मग विचार की, तोच जातो का टेक्सासला. ...कारण? रूथ, एक मुलगी माझ्या डोक्यावर कात्री घेऊन उभी आहे. ...नाही, चेष्टा नाही. ...बरं, थांबतो."

फोन ठेवला. "विचारून सांगते म्हणाली."

मग वाट बघणं. डेलाने शेवटचा तुकडा कापला, तेलाच्या बोळ्याने त्याचं कपाळ पुसलं. काय दिसत होता म्हणून सांगू... एका बाजूने टक्कल, दुसऱ्या बाजूने खराटा, भुवई दीडच. ती बघत राहिली आणि मनात सगळं वाईटच येत होतं. दुसरा हो म्हणणारच नाही. कोण म्हणेल? बाहेर भोंगा वाजला, पोरं पांगली, पेगीने खुर्ची घडी केल्याचा आवाज आला. त्याचा तेलकट हात तिच्या हातात होता, आणि कुणी कुणाचा धरला होता कोण जाणे.

फोन वाजला. तिच्या पोटात तोच गोळा. तिने तो त्याच्या कानाशी धरला.

"हं," तो म्हणाला. "हं. ...बरं. ...बरं, रूथ."

चेहऱ्यावरून काही कळेना. दीड भुवईच्या चेहऱ्यावरून काय कळणार?

"इथला न्हावी सोमवारी किती वाजता उघडतो?" त्याने विचारलं.

"न्हावी?"

"इथल्याच ऑफिसात जायचंय मला सोमवारी. आणि हे असं डोकं घेऊन..."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती हसली, रडली, नक्की काय केलं तिलाच ठाऊक नाही.

"सोमवारी बंद असतो तो," ती म्हणाली. "मंगळवारी उघडेल."

"म्हणजे मंगळवारपर्यंत तुला हेच तोंड बघावं लागणार."

"चालेल," डेला म्हणाली. आणि त्याच्या केसांत अडकलेला पिवळा भुसा हलकेच झटकला.