तीन वेळा ‘पाहिले’

“गोटी लोंबकळला, म्हणून फुटबॉलचा गोलपोस्ट कोसळला! उद्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगून संघातून त्याचं नाव काढतो!” क्रीडासरांनी निकाल दिला. आरोपी हाताला प्लास्टर घालून इस्पितळात पडलेला असल्याने सुनावणी विलक्षण सुरळीत पार पडली.

ढापणीने लंबूला बाजूला ओढून खरे सांगितले. लोंबकळली होती ती. गोटी नुसता खाली उभा होता.

“तुझ्या वजनानं लोखंडी गोल पडेल?” लंबू म्हणाला. “तू तर पंख्याच्या वाऱ्यानं उडशील!”

दोघे मैदानावर धावले. गोल जमिनीला जखडणारे बोल्ट जागेवर नव्हतेच! रिकाम्या भोकांत मुंग्यांनी संसार थाटला होता.

“तीनदा लिहिलं रे मी नोंदवहीत!” शिपाईकाका हळहळले.

ढापणीची मावशी वकील होती. “धोका ठाऊक असून तो तसाच ठेवणं म्हणजे निष्काळजीपणा,” ती म्हणाली.

“पण ‘इजा झाल्यास शाळा जबाबदार नाही’ यावर पालकांनी सही केलीय!”

“खेळताना पाय मुरगळणं वेगळं. असला निष्काळजीपणा एका सहीनं धुऊन निघत नाही.”

“म्हणजे मी सुटले?”

“त्यांची चूक मोठी निघाली, म्हणून तुझी पुसली जात नाही गं.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंसमोर लंबूने अत्यंत भोळा चेहरा केला. “सर, मैदानाची नोंदवही तुम्ही रोज वाचता?”

“रोज! माझ्या सहीशिवाय पान उलटत नाही!”

शिपाईकाकांनी वही उघडली. ‘गोलाचे बोल्ट नाहीत. मुलांना जवळ जाऊ देऊ नये.’ एकदा, दोनदा, तीनदा! प्रत्येक नोंदीखाली वळणदार अक्षरात ‘पाहिले’ आणि सरांची सही.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. “पण... गोटी लोंबकळला होताच ना!”

लंबूने ढापणीकडे पाहिले. ती गप्प बसली असती, तरी सर अडकलेच होते.

“गोटी नाही, बाई. मी.”

बाईंनी गोटीचे नाव संघात कायम ठेवले, मैदान बंद केले, सरांकडून लेखी खुलासा मागितला. “शाब्बास! खरं बोलायला धैर्य लागतं,” त्या ढापणीला म्हणाल्या. ती शाबासकी तिच्या घशाखाली उतरेना.

संध्याकाळी तिने इस्पितळात गोटीला सगळे सांगितले.

“ठाऊक होतं,” तो म्हणाला. “तुझे बूट माझ्या डोक्यावरच होते.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील, म्हणून थांबलो होतो. दोन दिवस लावलेस!”